बिनकामाच्या प्रवासाची बाजू

आमच्या बाभुळगावात माणूस गावाबाहेर जाऊन आला की ‘कसं वाटलं?’ असं कोणी विचारत नाही. ‘काई काम होतं काय?’ असं विचारतात. यवतमाळला गेलात तर कचेरीचं काम, धामणगावला गेलात तर गाडी पकडायचं काम, नागपूरला गेलात तर दवाखान्याचं आणि पुण्याला गेलात तर नोकरीचं. काम हेच प्रवासाचं तिकीट. ते नसेल तर तुम्ही विदाउट.

मी मागच्या वर्षी नऊ दिवसांत युरोपातल्या पाच राजधान्या आगगाडीनं फिरून आले. बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. शिकायला नाही, कंपनीनं पाठवलं म्हणून नाही, हनिमूनला नाही. एक मैत्रीण, दोन पाठपिशव्या आणि दोन वर्षं पगारातून बाजूला काढलेले पैसे. परत आल्यावर गल्लीतल्या काकूंनी विचारलंच, “काहून गेली व बाई तिकडं? कोनतं काम होतं?” मी म्हटलं, काहीच नाही, पाहायला. काकू आईकडे अशा बघत राहिल्या, की पोरीनं काहीतरी लपवलंय आणि ते आईला तरी माहीत असेल.

गंमत म्हणजे शेंगेन व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात, तिथे खूण करायच्या यादीत पर्यटन हा रीतसर हेतू आहे. बँकेचं स्टेटमेंट मागतात, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा मागतात, बोटांचे ठसे घेतात, परत जाणार याची खात्री मागतात. हे सगळं अपमानास्पद आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण ‘नुसतं पाहायला कशाला येताय?’ असं तो अर्ज विचारत नाही. ते माझ्या गावानं विचारलं, पुण्यानं विचारलं, आणि सगळ्यात जास्त सुशिक्षितपणे पुस्तकं वाचणाऱ्या मित्रमंडळींनी विचारलं. हा लेख त्या तिघांना उत्तर आहे.

पुण्यापासून सुरू करते, कारण तिथे मी राहते आणि तिथलं जास्त लागतं.

यवतमाळ जिल्हा म्हटला की पुण्यात समोरच्याचा चेहरा बदलतो. आवाज खाली येतो. ‘ओह, तुमच्याकडे ते शेतकऱ्यांचं...’ आमच्या घरी शेती आहे, कापूस आणि तूर. आमच्या घरात कोणी आत्महत्या केलेली नाही. हे वाक्य मला पुण्यात इतक्या वेळा बोलावं लागलंय की ते आता आधार कार्डावर छापून घ्यावं असं वाटतं. प्रागच्या पुलावरचा फोटो टाकला तेव्हा एका ओळखीच्या माणसानं लिहिलं, ‘तुझ्या जिल्ह्यात काय चाललंय आणि तू कुठे आहेस!’ हा माणूस दर दिवाळीला थायलंड नाहीतर बालीला जातो. त्याच्या जिल्ह्यातही माणसं मरतात. पण त्याच्या आनंदाला जिल्हा नाही. माझ्या आनंदाला आहे.

आमच्याकडे ‘पॅकेज’ या शब्दाचा अर्थही वेगळा आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. पुढे पुण्यात कोणी ‘आम्ही युरोपचं पॅकेज घेतलं’ म्हणालं की मला आधी गावात आलेल्या सरकारी गाड्या आठवायच्या. एकाच्या पॅकेजमध्ये नाश्ता असतो, दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये पंचनामा.

जिल्ह्यातलं संकट खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. कापसाचा भाव, कर्ज, पाणी, हे सगळं आमच्या जेवणाच्या ताटाशेजारी बसलेलं असतं. मला ते कुणा कार्यकर्त्यानं समजावून सांगायची गरज नाही. माझं म्हणणं इतकंच, की दुःखाच्या जिल्ह्यातल्या माणसानं कायम दुःखाच्या पोशाखातच दिसावं, ही अपेक्षा सहानुभूती नव्हे. ती वेशभूषेची सक्ती आहे. आमच्याकडे बेंबळा धरण भरलं की लोक रविवारी खडकसावंग्याला पाणी बघायला जातात. त्या धरणात जमिनी गेलेले लोकही जातात. भजी खातात, पोरं पाण्यात दगड मारतात. कॅमेरा घेऊन येणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो ते बघायला आलेला नसतो.

आणि युरोपात मला नेमकं हेच दिसलं, ज्याबद्दल आपल्या प्रवासवर्णनांत फार कमी असतं. स्वच्छता, शिस्त, ‘आपल्याकडे असं का नाही’ हा रडका पाढा आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय. मला दिसलं ते हे, की तिथे दुःख आणि सहल एकाच फलाटावर उभी असतात. बर्लिनमध्ये ग्रुनेवाल्ड नावाचं लोकल स्टेशन आहे. त्याच्या १७ क्रमांकाच्या फलाटावरून १९४१ च्या ऑक्टोबरपासून ज्यूंना गाड्यांत भरून पूर्वेकडे मरायला पाठवलं गेलं. आज तिथे फलाटाच्या कडेला लोखंडी पट्ट्या आहेत. एकेका पट्टीवर तारीख, माणसांचा आकडा, गाडी कुठे गेली ते. मधल्या रुळांवर झाडं उगवलीत, ती तशीच ठेवलीत. आणि शेजारच्या फलाटावर लोक जंगलात फिरायला सायकली घेऊन उतरत असतात. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावर लोखंडी जोड्यांचं स्मारक आहे. नदीकाठी उभं करून गोळ्या घातलेल्या माणसांचे साठ जोड. त्यात लहान मुलांचेही आहेत. तिथून दोन पावलांवर पोरं-पोरी आइस्क्रीम खात होती. कोणी त्यांना ‘तुमच्या शहरात काय झालं आणि तुम्ही काय करताय’ असं म्हणालं नाही. त्यांनी आइस्क्रीम खाल्लं, जोड्यांपाशी थांबले, पुन्हा आइस्क्रीम खाल्लं.

प्रागच्या जुन्या चौकातलं घड्याळ १४१० सालचं. दर तासाला तिथे गर्दी जमते. हाडांचा सापळा, म्हणजे मरण, घंटा वाजवतो. वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरून जातात आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. मग लोक हसतात आणि पांगतात. जाणकार सांगतात की हे बघू नका, फार बाळबोध आहे. मी तीनदा बघितलं.

आता या जाणकारांकडे वळू. ‘पर्यटक होऊ नको, प्रवासी हो’ हे वाक्य तुम्हीही कुठल्यातरी रीलवर ऐकलं असेल, मागे बासरी वाजत असते. एका शहरात दोन दिवस राहून काय कळतं? वरवर बघणं म्हणजे बघणं नव्हे. किमान महिनाभर राहा, भाषा शिका, स्थानिकांच्या घरी जेवा. ऐकायला छान. पण महिनाभर सुट्टी कोणाला असते? ज्याला पगार कापला जायची भीती नाही त्याला. खोलात जाणं हे वेळेच्या श्रीमंतांचं काम आहे, आणि त्यांनी आपल्या श्रीमंतीला संवेदनशीलतेचं नाव दिलंय. मला नऊ दिवस मिळाले. मी नऊ दिवसांचं बघितलं. दिल्ली, आग्रा, जयपूर पाच दिवसांत उरकणाऱ्या परदेशी माणसाला आपण कधी विचारतो का, की बाबा, तुला भारत कळला का? आपण त्याला चहा पाजतो आणि फोटो काढून देतो.

वरवर बघण्यात काय मिळतं ते सांगते. बर्लिनहून प्रागला जाताना डाव्या खिडकीची जागा धरा. ड्रेस्डेनच्या पुढे एल्बे नदी रुळांच्या अगदी कडेनं चालायला लागते आणि पलीकडे वालुकाश्माचे सुळके उभे राहतात. गाडी चार-सव्वाचार तासांची; त्यातला तासभर तरी आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. जर्मनी संपून चेकिया कधी लागला ते फोनवर कंपनीचा स्वागताचा मेसेज आला तेव्हा कळलं. व्हिएन्नात प्राटरच्या बागेत १८९७ सालचा अवाढव्य पाळणा आहे. आपल्या जत्रेतल्यासारखाच, फक्त बसायला खोल्या आणि फिरायला इतका सावकाश की वर जाईपर्यंत तुमचं भांडण मिटतं. ब्रातिस्लाव्हात रस्त्याच्या कडेला गटाराच्या झाकणातून डोकं काढून बसलेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. कशासाठी? काही नाही. तो नुसता बघतोय. त्याच्या टोपीवर हात ठेवून फोटो काढायला रांग लागते. कोणा राजाचा नाही, सेनापतीचा नाही, बिनकामाच्या माणसाचा पुतळा! मला त्या शहराबद्दल तिथेच आपुलकी वाटली. बुडापेस्टमध्ये १८९६ ची भुयारी रेल्वे आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी. पिवळे, बुटके डबे. आमच्या खेळण्यातल्या गाडीची आठवण यावी असे. आम्ही ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. कुठेही उतरायचं नव्हतं.

यातून मला हंगेरीचा इतिहास कळला नाही. तो पुस्तकातून वाचेन. मराठीत पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६० साली आलं आणि अजून वाचलं जातं ते कशामुळे? त्यात युरोपचं सखोल विश्लेषण आहे म्हणून नाही. एक माणूस तिथे गंमत करतोय आणि त्याला त्याची लाज वाटत नाही म्हणून. मात्र त्यांच्यासारखं समुद्र ओलांडणं असो की माझ्यासारखं दोन वर्षं पैसे साठवणं, ही गंमत सोपी नव्हे.

पाच राजधान्यांमधला गाडीतला वेळ जोडला तर बारा तासांच्या आसपास भरतो. धामणगावहून पुण्याला गाडीनं यायला त्याहून जास्त लागतो. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा एक तास; अंतर यवतमाळ-धामणगावपेक्षा जरासंच जास्त. १९८९ पर्यंत या दोन शहरांच्या मध्ये काटेरी तारा होत्या, पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांना गोळ्या घालत. आता लोक दुपारच्या जेवणाला जाऊन येतात. म्हणजे हलकंफुलकं फिरणं ही काही हवेतून आलेली चैन नाही. कोणीतरी त्या तारा काढल्या, करार केले, २००७ च्या डिसेंबरात स्लोव्हाकियाच्या सीमेवरची तपासणी उठवली, तेव्हा ते हलकं झालं.

आणि ते सगळ्यांसाठी हलकं नाही, हेही लिहायला पाहिजे. बुडापेस्टचं केलेति स्टेशन फार देखणं आहे, १८८४ सालचं, मोठ्या कमानीचं. २०१५ च्या सप्टेंबरात सीरिया, अफगाणिस्तानहून आलेले हजारो लोक याच स्टेशनाबाहेर जमिनीवर झोपले होते. कित्येकांकडे तिकिटं होती आणि गाडीत चढू देत नव्हते. त्यांच्याकडे तर कामच काम होतं, जीव वाचवण्याचं. त्यांना अडवलं आणि मला, निव्वळ मजा करायला आलेलीला, सोडलं. हा हिशेब मला जुळवता येत नाही. पण त्यावरून मी फिरायला नको होतं असं निघत नाही. त्यांनाही बसू द्यायला हवं होतं, एवढंच निघतं.

युरोपनं एक गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९७२ साली तिथल्या रेल्वेंनी मिळून इंटररेल नावाचा पास काढला. एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी, एकवीस देशांत, महिनाभर हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. २०१८ पासून युरोपियन युनियन दरवर्षी अठरा वर्षांच्या हजारो मुलामुलींना असा पास फुकट देते. ते अठरा वर्षांचे आहेत आणि त्यांनी जग पाहावं, एवढंच कारण. निबंध नाही, ‘शैक्षणिक’ हा शब्द पुढे लावायची गरज नाही. आमच्या शाळेची सहल मात्र शैक्षणिकच असायला लागते. परत आल्यावर तिच्यावर दोन पानं लिहावी लागतात, मजा आली हे वाक्य शेवटी, तेही जागा उरली तर.

माझ्याकडे परदेशी लोकांना मिळतो तो युरेल पास होता, महिन्यातले कुठलेही चार दिवस प्रवासाचे. त्यांच्या नियमात सत्तावीस वर्षांपर्यंत माणूस तरुण असतो, म्हणून सवलत मिळाली. बाभुळगावात सत्ताविसाव्या वर्षी बाई ‘राहून गेलेली’ असते. सुटी तिकिटं काढली असती तर कदाचित स्वस्त पडलं असतं, असं मैत्रीण हिशेब करून सांगत होती. मला पासच हवा होता. पासवर पुढच्या स्टेशनाचं नाव छापलेलं नसतं.

आता इथे कोणी म्हणेल, की बाई, तुझं ठीक आहे, हे आपल्याकडे कुठून आणायचं? आपल्याकडे आहे. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास १९८८ पासून आहे. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. महाराष्ट्रात कुठेही चढा, कुठेही उतरा. नाव बघा किती सुंदर आहे, ‘आवडेल तेथे’. सरकारी कागदावर ‘आवड’ हा शब्द आणखी कुठे सापडतो? रेल्वेचंही वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट असतं: जिथून निघालात तिथेच परत यायचं, मध्ये आठ ठिकाणी उतरता येतं, आणि सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. माझ्या ऑफिसात पाच जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. आपण योजना काढतो आणि मग ती वापरणाऱ्याकडे संशयानं बघतो.

बायकांच्या अर्ध्या तिकिटाचं काय झालं ते आठवा. मार्च २०२३ मध्ये एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं. महिन्याभरात चहाच्या टपरीवरचे विनोद सुरू झाले. बायका उगाच फिरतात. घरात स्वयंपाक कोण करतं. माहेरी जातात, परत येतात, पुन्हा जातात. पुरुषांना बसायला जागा नाही. हा जो ‘उगाच’ आहे ना, माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे. पुरुष पानटपरीवर दिवसाचे तीन तास उगाच उभा असतो, ते उभं राहणं सार्वजनिक जीवन असतं. बाई पन्नास किलोमीटर उगाच गेली की ती सवलतीचा गैरफायदा घेते. आमच्या आया-मावश्यांनी जन्मभर फिरण्यासाठी देवाची सही आणली. शेगावला जायचं आहे म्हटलं की कोणी अडवत नसे. महाराजांचं दर्शन घ्यायच्या, ते मनापासूनच. पण घरी येऊन वर्णन करायच्या ते आनंदसागरचं, तिथल्या तळ्याचं आणि छोट्या गाडीचं. माझ्या आईनं आयुष्यात केवळ मजेसाठी केलेला पहिला रेल्वेप्रवास म्हणजे आनंदसागरमधल्या त्या खेळण्यातल्या गाडीची फेरी. बुडापेस्टच्या पिवळ्या डब्यात मला तीच आठवली होती.

आमच्याकडच्या रुळांनाही ‘काम’ चिकटलेलं आहे, जन्मापासून. इंग्रजांनी १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत गाडी आणली ती वऱ्हाडाच्या कापसासाठी. आमच्या शेजारच्या गावाचं तर नावच धामणगाव रेल्वे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोटी लाइन, जिला सगळे शकुंतला म्हणतात, तीही किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापूस वाहायला काढलेली. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही खासगी कंपनीचीच राहिली. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. गाठी आधी, माणसं नंतर. गेल्या दशकात ती गाडीही थांबली. तिच्याबद्दल आता हळव्या कविता होतात, तिच्या डब्यात बसून उगाच गेलेल्या माणसांबद्दल होत नाहीत. आजोबा सांगायचे, की ती इतकी सावकाश चालायची, की काम असलेला माणूस तिच्यात बसायचाच नाही.

वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी लाइन होतेय. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली. कळंब आमच्या शेजारचा तालुका. या लाइनबद्दल जी भाषणं झाली त्यांत उद्योग होता, शेतमाल होता, रोजगार होता. असायलाच हवा. त्यात एक वाक्य असंही चाललं असतं, की बाभुळगावच्या पोरींनी रविवारी खिडकीत बसावं आणि संध्याकाळी परत यावं. जिच्याकडे चार पैसे आहेत ती विमानात बसून बर्लिनला जाईल, मी गेलेच. जिच्याकडे नाहीत तिला कळंबहून वर्ध्यापर्यंत तरी कारण न सांगता जाता आलं पाहिजे, आणि परत आल्यावर दारात प्रश्न उभा नसला पाहिजे.

तुम्ही हे फोनवर वाचताय, बहुतेक कुठल्यातरी बसमध्ये. कामाला जात असाल. एखाद्या रविवारी तीच बस शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ द्या.

आमच्या आईनं आणि तिच्या भिशीतल्या तिघींनी चार दिवसांच्या पासची चौकशी केली आहे. त्यातल्या एकीला समुद्र पाहायचाय, तिनं पासष्ट वर्षांत पाहिलेला नाही. आईनं फोन करून विचारलं, चार दिवसांत बाभुळगाव ते गणपतीपुळे आणि परत बसते का. मी म्हटलं, बसते, पण सगळा वेळ गाडीतच जाईल, देवळात जेमतेम तासभर मिळेल. आई म्हणाली, “देवळाचं राहू दे व, खिडकी कोणत्या बाजूची घेऊ ते सांग.”